दुसरी खेप

तुरुंगाच्या गाडीवर बाई ड्रायव्हर येणार हे कळलं, त्या दिवशी गेटवरच्या शिपायांची चांगलीच करमणूक झाली. एक म्हणाला, "आता कैद्यांना पाळण्यात घालून न्यायचं." दुसरा म्हणाला, "बरंच आहे की. पळून जायचं ठरवलं तरी लाजेनं थांबतील."

ती आली तेव्हा सगळे तोंडावर हात ठेवून उभे होते. बुटकी, रुंद खांद्यांची, चाळिशी ओलांडलेली बाई. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिनं कोणाकडे बघितलं नाही. गाडीला एक फेरी मारली, प्रत्येक टायरला लाथ मारून बघितली, बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी बाहेर काढली आणि उन्हात धरली.

"या इंजिनाची आणि ऑइलची शेवटची भेट कधी झाली होती?" तिनं विचारलं.

आता हसू शिपायांच्याच अंगावर आलं. त्यातला एक मुकाट्यानं ऑइलचा डबा आणायला गेला.

वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे पाना-पक्कड हातात घेऊनच ती मोठी झाली होती. लग्नानंतर बरीच वर्षं तिनं शाळेची बस चालवली. शाळेनं बस ठेक्यावर दिल्या तेव्हा तिच्यासारख्यांना नारळ मिळाला. मग तिनं सरकारी ड्रायव्हरची परीक्षा दिली, पास झाली, आणि तुरुंगातून कोर्टात कैदी नेण्या-आणण्याची गाडी तिच्या गळ्यात पडली. जुना ड्रायव्हर कंबर धरून निवृत्त झाला होता आणि त्या गाडीवर जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. नव्या सुनेच्या वाट्याला जळकं भांडं यावं, तसंच हे.

शाळेच्या बसची एक सवय मात्र तिच्या अंगात मुरली होती. गाडी हातात आली की आधी मागं जाऊन बाकं बघायची. इथंही ती मागं चढली. दोन्ही बाजूंना लांबच लांब लोखंडी बाकं, खिडक्यांना जाळी, मध्ये चिंचोळी वाट. खाली कैद्यांच्या बंदोबस्ताचे प्रमुख हवालदार उभे होते. उंच, मिशाळ गृहस्थ. एक गुडघा कायम दुखायचा म्हणून गाडीच्या पायरीला टेकून उभे राहायचे.

"हवालदारसाहेब, यात बसतात किती?"

"बाई, बसतात किती हे विचारायचं नसतं. मावतात किती ते विचारा."

"बरं, मावतात किती?"

"ते अजून कळलेलं नाही," हवालदार म्हणाले. "गाडी भरली असं अजून एकदाही झालं नाही."

त्या दिवशी तीही हसली. पण त्या बोलण्यातलं खरं किती आणि थट्टा किती, हे पुढच्या आठवड्याभरातच तिला उमगलं.

तुरुंग बांधला तेव्हा जेवढ्या माणसांसाठी बांधला होता, त्याच्या तिप्पट माणसं आता आत होती. त्यातली बरीचशी कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले, नुसत्या तारखांची वाट बघत बसलेले. रोज सकाळी गेटच्या आतल्या अंगणात कोर्टाच्या तारखा असलेले लोक उभे केले जायचे. गाडी एक, बंदोबस्ताला पोलीस मोजके. मग जेवढे कोंबता येतील तेवढे कोंबायचे आणि उरलेल्यांना म्हणायचं, 'जा परत.' जो राहिला त्याची तारीख बुडाली. बुडालेली तारीख महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी यायची. तोवर तो आतच. बाहेरून नवे येतच होते, आणि आतले बाहेर पडत नव्हते, कारण त्यांना कोर्टापर्यंत न्यायला गाडीत जागा नव्हती. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथं त्या पायरीपर्यंत पोचायला मिळावं म्हणून बाप्ये रडकुंडीला यायचे.

म्हणून गाडीत घुसायला रेटारेटी व्हायची. दोघादोघांच्या हातात मिळून एक बेडी. बाकं भरली की मधल्या वाटेत उभे, मग पायरीवर, आणि शेवटी हवालदार खांदा लावून दार ढकलायचे. कडी लागली की म्हणायचे, "चला."

ब्रेक लागला की दुसऱ्याशी बेडीत अडकलेल्या माणसाला तोल सावरता येत नाही, हे तिच्या पहिल्याच फेरीत लक्षात आलं. सिग्नलला तिनं ब्रेक दाबला आणि मागून धपाधप आवाज, मग शिव्यांची सरबत्ती. दुसऱ्या दिवसापासून ती अशी चालवायला लागली, की स्टीलच्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये. थोड्याच दिवसांत तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. गाडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली, की मागचा गलका बंद व्हायचा. आरशातून बघितलं तर बाकांवरची माणसं माना टाकून झोपलेली. उभी होती तीसुद्धा एकमेकांच्या खांद्यावर.

एकदा कोर्टाच्या आवारात तिनं विचारलंच. "रात्रभर आत काय नाटक बघता काय रे?"

ज्याला विचारलं तो पाट्या रंगवणारा होता. सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. किडकिडीत, तिशीचा, बोलताना हवेत बोटानं अक्षरं काढायची खोड. "ताई, आत पाळीनं झोपतात," तो म्हणाला. "निम्मे झोपतात, निम्मे भिंतीला टेकून बसतात. मग उठवायचं आणि बदली. माझी पाळी पहाटेची. डोळा लागतो न लागतो तोच मोजणीची घंटा. त्यामुळे तारीख असली की आनंद. कोर्टात काही होवो न होवो, तुमच्या गाडीत झोप होते."

त्याच्या बेडीचा दुसरा भाग एका म्हाताऱ्याच्या हातात होता. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. शेजाऱ्याशी कुंपणाच्या भिंतीवरून भांडण झालं, वीट फेकली, ती शेजाऱ्याच्या डोक्याला लागली. एवढं त्याचं प्रकरण. आजोबा म्हणाले, "बाहेर भिंतीसाठी भांडलो पोरी. आत भिंतीला पाठ टेकायची तर नंबर लावायला लागतो. देवालाही विनोद कळतो बघ."

हळूहळू आत तिचं नाव झालं. ती शाळेची बस चालवायची हे कुणाकडून तरी कळलं, आणि ती 'शाळावाली' झाली. "आज शाळावाली आहे," असं म्हटलं की माणसं निश्चिंत चढायची.

पेंटरवर चोरीचा आळ होता. ज्या दुकानाची पाटी तो रंगवत होता त्या दुकानातला माल गेला आणि शिडी त्याची सापडली. जामीन मंजूर होता, पण जामीनदार राहायला कोणी पुढं येईना. त्याच्या तारखा इतक्यांदा बुडाल्या, की गुन्हा कबूल करून शिक्षा भोगली असती तर एव्हाना सुटून घरी गेला असता. हे तो हसत सांगायचा. शाळावालीला ते हसणं ऐकवत नसे.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी ते घडलं.

त्या दिवशी तारखा भरपूर होत्या आणि गाडी नेहमीपेक्षाही ठासली होती. शाळावाली म्हणालीसुद्धा, "साहेब, फार होतायत." हवालदार म्हणाले, "वरून हुकूम आहे, सगळ्यांना न्या." आणि खांदा लावून त्यांनी दार ढकललं. निम्म्या वाटेवर रस्ता खणून ठेवलेला, पाइप टाकायचं काम. पुढं ट्रक, मागं बस. गाडी जागच्या जागी उभी. वरून पत्रा तापत होता. केबिनमध्ये बसलेल्या तिचाच जीव घुसमटायला लागला, मग मागच्यांचं काय?

थोड्या वेळानं मधल्या पत्र्यावर धडाधड हात पडायला लागले. "ताई! आजोबा बघा! आजोबा बोलत नाहीत!" आवाज पेंटरचा होता.

तिनं शेजारी बसलेल्या हवालदारांकडे बघितलं. "दार उघडा."

"रस्त्यात दार उघडता येत नाही, बाई. नियम आहे. एक जरी पळाला तर माझी नोकरी गेली."

"माणूस जाईल त्याचं काय?"

हवालदारांनी खिशातल्या किल्लीवर हात ठेवला, पण ती काढली नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो नुसत्या उन्हाचा नव्हता. तिनं हॉर्नवर तळवा दाबला, चाक वळवलं आणि एवढी मोठी गाडी फुटपाथवर चढवली. खणलेल्या खड्ड्याच्या कडेकडेनं, माणसं बाजूला पळत असताना, ती गाडी सरळ इस्पितळाच्या आवारात घेऊन गेली.

तिथं हवालदारांनी दार उघडलं. आजोबा उभेच होते. डोळे मिटलेले, मान लटकलेली, चारी बाजूंनी माणसांनी दाबून धरलेले. ते बेशुद्ध पडले हे आधी कोणाला कळलंच नव्हतं, कारण पडायलाच जागा नव्हती. बेडी काढेपर्यंत पेंटर त्यांच्याबरोबर फरफटत स्ट्रेचरपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा गेले.

चौकशी झाली. एका साहेबांनी तिला खोलीत बोलावून विचारलं, गाडीचा वेग किती होता, फुटपाथवर गाडी का चढवली, कोणाला धक्का लागला का. तिनं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "गाडीत जागा नव्हती, साहेब. हवा नव्हती."

"विचारलंय तेवढंच सांगा."

"मग तेही विचारा ना."

साहेबांनी विचारलं नाही. मृत्यूचं कारण ठरलं हृदयविकार. प्रकरण मिटलं.

बाहेर व्हरांड्यात हवालदार भेटले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही मारलं नाही त्याला."

"मग कोणी मारलं?"

"गर्दीनं."

"गर्दी काय आपल्या पायानं चढली गाडीत?" ती म्हणाली. "दार तुम्ही ढकललंत. किल्ली मी फिरवली. दोघांनी मिळून केलंय हे, हवालदारसाहेब."

हवालदार तिथंच पायरीवर बसले आणि गुडघा चोळायला लागले.

घरी तिचं जेवणावर लक्ष नव्हतं. नवरा घराच्या पुढच्या खोलीत बॅगा दुरुस्त करायचा. भिंतीला सगळीकडे तुटक्या पट्ट्यांच्या पिशव्या लटकलेल्या. तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "माझ्याकडे रोज एक तरी येतो. दोन बॅगांचं सामान एकीत कोंबलेलं असतं आणि म्हणतो, चेनच खराब होती. चेन काय बोलणार बिचारी?"

सासूबाई कोपऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. त्यांची जीभ म्हणजे कात्री. "बोलता येत नाही म्हणून चेन तुटते," त्या म्हणाल्या. "हिला तोंड आहे ना?"

"आई, माझं कोण ऐकणार? नोकरीत मी सगळ्यात खाली."

"खाली असू दे. पण किल्ली कोणाच्या हातात असते? तुझ्या ना? साहेब काय गाडी ढकलत नेणार आहे?"

नवऱ्यानं आईकडे डोळे वटारले. "तिची नोकरी घालवायचीय का तुला?"

"घालवायची नाही. पण आता म्हातारी झाले मी, खोटं गोड बोलायचा कंटाळा येतो."

शाळावाली उठली, ताट घासून पालथं घातलं. तिचं ठरलं होतं. शेंडी तुटो की पारंबी.

पुढच्या सोमवारी गेटच्या अंगणात नेहमीसारखी माणसं उभी राहिली. ती गाडीच्या मागच्या दाराशी थांबली. बाकं भरेपर्यंत गप्प होती. बाकं भरल्यावर तिनं हात आडवा घातला.

"बस. एवढेच."

"बाई, बाजूला व्हा," हवालदार हळू आवाजात म्हणाले.

"बाजूला होते. पण यापेक्षा एक जरी माणूस चढला तरी मी किल्ली लावणार नाही."

आणि खरंच ती केबिनमध्ये जाऊन बसली. किल्ली शर्टाच्या खिशात, हात मांडीवर.

तिला वाटलं होतं, कैदी तरी तिच्या बाजूनं उभे राहतील. झालं उलटंच. जे खाली राहिले त्यांनी एकच ओरडा केला. "ताई, उभ्यानं येतो, लटकून येतो, पण न्या!" "दोन महिन्यांनी तारीख आलीय!" पेंटर त्याच खाली राहिलेल्यांत होता. तो केबिनच्या खिडकीशी आला. त्याच्याबरोबर बेडीत अडकलेला माणूसही ओढला गेला.

"ताई, आज माझा शेवटचा साक्षीदार आहे," तो म्हणाला. "दुकानदार स्वतः येणारे. आज गेलो नाही तर पुन्हा कधी येईल तो? माझ्यावर उपकार करा, पण असले नकोत."

ती म्हणाली, "तुला नेणारे. यांना सोडते आणि परत येते. दुसरी खेप करणार."

"आजवर कुणी केलीय दुसरी खेप?"

"आजवर मी बाकं मोजली होती का?"

तोवर जेलर आले. धावपळीचे, सतत कपाळ पुसणारे गृहस्थ. त्यांच्या अंगणात, व्हरांड्यात, दवाखान्यात, सगळीकडे माणसंच माणसं होती आणि त्यांचा सगळा दिवस ती इकडची तिकडं करण्यात जायचा. "काय तमाशा आहे हा? हवालदार, हिला समजत नाही का?"

"साहेब, दोन खेपा म्हणते ती."

"डिझेल कोण देणार? आणि बंदोबस्त? पहिल्या खेपेच्या लोकांना कोर्टात कोण सांभाळणार?"

"कोर्टाच्या कोठडीवर त्यांचे पोलीस असतात, साहेब," शाळावाली खिडकीतून म्हणाली. "आपली माणसं मोकळीच बसतात तिथं संध्याकाळपर्यंत. तीच माझ्याबरोबर परत येतील."

"मला शिकवू नका. गाडी काढा, नाही तर आत्ताच्या आत्ता निलंबित करतो."

"करा साहेब. पण मग ही गाडी आज एकही खेप करणार नाही. किल्ली लगेच देते. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत सगळ्यांच्याच तारखा जातील."

जेलरांनी अंगणातल्या गर्दीकडे बघितलं. ओरडा वाढत चालला होता आणि आतल्या बराकीतूनही थाळ्या वाजायला लागल्या होत्या. एवढ्या माणसांत ठिणगी पडली तर ती विझवायला मूठभर शिपाई, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी हात झटकला. "जा. आणि संध्याकाळी माझ्या खोलीत या."

पहिली खेप झाली. परत येताना तिनं गाडी हाणली, पण त्या खणलेल्या रस्त्यावर हाणून हाणून किती हाणणार? दुसरी खेप घेऊन ती कोर्टात पोचली तेव्हा पेंटरचा पुकारा होऊन गेला होता. दुकानदार येऊन, थांबून, निघून गेला होता. पुढची तारीख पडली.

संध्याकाळी गाडीत चढताना पेंटर तिच्यासमोर थांबला. त्या दिवशी तो हसला नाही. "आजोबा गेले त्याचं मलाही वाईट वाटतं, ताई," तो म्हणाला. "माझ्या हातात हात होता त्यांचा. पण तुमच्या नियमानं माझा एक महिना खाल्ला."

जेलरांच्या खोलीत तिनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, लेखी ताकीद घेतली, घरी गेली.

सकाळी उठली तेव्हा मात्र तिला स्वतःचाच राग आला होता. चुकलं होतं ते खेपेत नव्हतं. तिनं दोरीचं एकच टोक धरलं होतं. तुरुंगाकडून दोन खेपा करायच्या आणि कोर्टाला त्याचा पत्ता नाही, मग दुसरं काय होणार?

मंगळवारीही तिनं बाकांपुरतेच घेतले, जेलरांनी कपाळ पुसत जाऊ दिलं. दुसरी खेप उतरवल्यावर ती कोर्टाच्या जिन्यावर गेली. पुकारा करणाऱ्या शिपायाला तिनं गाठलं. त्यानं नुसते खांदे उडवले. क्रम बदलायचा अधिकार त्याचा नव्हता. "मग कोणाचा?" "बाईसाहेबांचा." बाईसाहेब म्हणजे न्यायाधीशबाई. जेवणाच्या सुट्टीत त्या आपल्या खोलीकडे निघाल्या, तेव्हा खाकी शर्टातली ही बाई भिंतीला पाठ लावून उभी होती.

"मॅडम, एक मिनिट."

"वकिलामार्फत या."

"माझी केस नाही, मॅडम. मी कैद्यांची गाडी चालवते."

न्यायाधीशबाई थांबल्या. शाळावालीनं बोलायला सुरुवात केली आणि आदल्या रात्री जुळवलेली वाक्यं सगळी विसरून गेली. म्हणून जसं घडलं तसंच सांगितलं: आजोबा कसे उभ्या उभ्या बेशुद्ध झाले आणि गेले, पेंटरची तारीख कशी बुडाली, आणि गाडी एकच आहे. "तुरुंगातले पुकारे दोन वाट्यांत घेतलेत, निम्मे जेवणाआधी, निम्मे नंतर, तर मी कोणाला कोंबणार नाही आणि कोणाची तारीखही चुकणार नाही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही दमलेल्या दिसत होत्या. "माझ्या टेबलाची गतही तुमच्या गाडीसारखीच आहे हो," त्या म्हणाल्या. "आरोपी हजर नाही, आरोपी हजर नाही, असं रोज लिहिते. का हजर नाही हे आज कळतंय. गाडी खाली आहे?"

"आहे, मॅडम."

त्या खाली आल्या. गाडीत चढून मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. शाळावालीनं बाहेरून दार लावलं, कारण तसं करायला त्यांनीच सांगितलं. रिकाम्या गाडीत, दुपारच्या उन्हात, त्या थोडा वेळ आत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा घामानं निथळत होत्या. फक्त म्हणाल्या, "माझ्या कोर्टापुरतं मी आजपासून करते. बाकीच्यांशी बोलते."

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. एका कोर्टानं साफ नाही म्हटलं, एकानं हो म्हणून महिनाभर चालढकल केली. पण गाडी दोन खेपा करायला लागली. सगळ्यात जास्त भरडले गेले ते हवालदार आणि त्यांची माणसं. संध्याकाळीही दोन खेपा, त्यामुळे घरी जायला उशीर. हवालदार रोज कुरकुरायचे. "बाई, तुमच्यापायी माझी बायको मला ओळखेनाशी झालीय." शाळावाली म्हणायची, "मिशी काढा, मग तर दारातच उभं करतील."

पुढच्या महिन्यात पेंटर दुसऱ्या खेपेत होता. बाकावर बसून आला, वाटेत झोपला, आणि पुकारा झाला तेव्हा हजर होता. दुकानदारानं उलटतपासणीत कबूल केलं, की मागच्या दाराचं कुलूप आधीपासूनच मोडलेलं होतं. आणखी एका तारखेला निकाल लागला. पेंटर सुटला. जितकी शिक्षा झाली असती त्याहून जास्त दिवस आत काढून, निर्दोष. तुरुंगाच्या गेटातून तो बाहेर पडला तेव्हा शाळावाली कोर्टाच्या वाटेवर होती, त्यामुळे भेट झाली नाही. काही दिवसांनी एका चौकात तिला तो दिसला. शिडीवर चढून कुठल्याशा औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत होता. तिनं हॉर्नकडे नेलेला हात मागं घेतला. त्या गाडीचा हॉर्न ऐकून त्याला काय वाटेल, याचा भरवसा नव्हता.

पण वरच्यांच्या मनातून ती उतरली ती उतरलीच. ताकीद झाली होती, शिवाय परवानगीशिवाय न्यायाधीशांना भेटल्याचा ठपका आला. तिला गाडीवरून काढलं आणि तुरुंगाच्या पाण्याच्या टँकरवर टाकलं. टँकर भरायचा, आणायचा, रिता करायचा. आतल्या एवढ्या माणसांना नळाचं पाणी पुरतच नव्हतं. टँकरच्याही खेपा वाढवता येतात का, हे ती बघत राहिली. सकाळी नळाला रांग लागायच्या आत पहिला टँकर पोचायला लागला, आणि आंघोळीवरून होणारी बराकीतली रोजची मारामारी थोडी कमी झाली.

गाडीवर नवा ड्रायव्हर आला. जेलरांनी हवालदारांना सांगितलं, "आता ते खेपांचं खूळ पुरे. एकदाच न्या."

शाळावाली टँकरची नळी जोडत होती. अंगणात काय चाललंय ते तिला दिसत होतं. माणसं चढत गेली. बाकं भरली. आता खांदा लागणार म्हणून तिनं मान फिरवली. पण दाराचा आवाज आला नाही. बघितलं तर हवालदार दारात आडवे उभे होते, दुखरा पाय पायरीवर ठेवून.

"भरली," ते म्हणाले.

"अजून निम्मे खाली आहेत," नवा ड्रायव्हर म्हणाला.

"त्यांना दुसऱ्या खेपेत."

"साहेबांनी सांगितलंय..."

"साहेबांनी सांगितलंय ते मी ऐकलंय. आता मी सांगतोय ते तू ऐक. या दाराला मी खांदा लावला आणि एक माणूस गेला. पुन्हा लावणार नाही. चल, बस गाडीत."

खाली राहिलेल्यांपैकी कोणीही ओरडलं नाही. ते अंगणात भिंतीच्या सावलीला बसले. दुसरी खेप येते हे त्यांना आता ठाऊक होतं.

पावसाळा संपता संपता नवा ड्रायव्हर बदली मागून गेला, आणि गाडी पुन्हा शाळावालीकडे आली. तिला मुद्दाम आणलं असं कोणी म्हटलं नाही; दुसरं कोणी मिळत नव्हतं एवढंच कारण पुढं केलं गेलं. तुरुंग काही रिकामा झाला नाही. सुटणारे थोडे वाढले, तसे येणारेही वाढले. बराकीत माणसं अजून पाळीनंच झोपतात. जेलर अजून कपाळ पुसत फिरतात. नव्या इमारतीचं बोलणं ऐकून ऐकून त्यांचे कान किटले आहेत.

परवा सकाळी अंगणातली माणसं बघून हवालदार तिच्या खिडकीशी आले. नवी धरपकड झाली होती आणि गर्दी फाटकापर्यंत गेली होती.

"बाई, आज दोन खेपांत आटपत नाही हे," ते म्हणाले. "काय करायचं? थोडे उभे घ्यायचे का?"

शाळावालीनं गर्दीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"थोडे उभे नाही घ्यायचे," ती म्हणाली. "कोर्टात फोन करा, तिसरी खेप दुपार कलल्यावर येते म्हणावं. आणि तुम्ही डबा बरोबर घ्या, आज तुम्हाला जेवायला सवड मिळायची नाही."

हवालदारांनी सुस्कारा सोडला, मागं वळले आणि शिपायांना ओरडून म्हणाले, "बाकं भरली की दार लावा रे!"

तिनं किल्ली फिरवली.